थोरलीचा टाक

मशीनवर आलेला आकडा बघून मी आधी मशीनलाच शिव्या दिल्या. टाक उलटा करून पुन्हा लावला. तोच आकडा. जवळजवळ चोख सोनं.

“काय झालं मॅडम? खोटं आहे का?” काउंटरपलीकडून पूनमने विचारलं.

“खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं,” मी म्हणाले. “हे जरा जास्तच खरं आहे.”

मी सुरतेत भागळजवळच्या एका हॉलमार्क सेंटरमध्ये टंच काढते. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. मशीन वस्तूवर किरण सोडतं आणि आत सोनं किती, चांदी किती, तांबं किती ते सांगतं. वस्तूला ओरखडाही येत नाही. माझे वडील सांगलीकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. तिकडची निम्मी गावं याच धंद्यापायी देशभर पांगली, त्यात आम्ही सुरतेला आलो. वडिलांचा जन्म भट्टीपुढे गेला. मी केमिस्ट्री शिकून एसीत बसले, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती.

आता चोख सोन्यात काय अडचण? अडचण अशी, की चोख सोन्याचा दागिना कोणी करत नाही. ते फार मऊ असतं. दागिना टिकावा म्हणून त्यात तांबं-चांदी मिसळतात. बावीस कॅरेट म्हणतात ते हेच. खेड्यातल्या जुन्या दागिन्यात तर सोनाराने आणखी हात सैल सोडलेला असतो. ते बघायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. नंदुरबारकडच्या खेड्यातून आलेला टाक इतका शुद्ध असणं मला पटेना. त्यात गंमत म्हणजे, टाकाला लावलेली कडी अगदी हलक्या सोन्याची निघाली. म्हणजे मूळ वस्तू एकाची आणि कडी लावणारा दुसराच.

समोर दोघी बसल्या होत्या. सुमनताई पंचेचाळिशीच्या. डिंडोलीला राहतात, घरी बसून साड्यांना लेस लावून देतात. नवरा लूमवर. पूनम त्यांची मुलगी, टेक्स्टाइल मार्केटमध्ये बिलिंगला. तिने माझ्याशी सुरुवात हिंदीत केली, मग गुजरातीत, आणि माझं मंगळसूत्र बघून मराठीवर आली. महिन्याभरात तिचं लग्न होतं.

मुलगी म्हटलं, पण ती सुमनताईंची सावत्र मुलगी. पूनमची आई शोभा, पूनम लहान असतानाच गेली. तो टाक त्या शोभाचा होता.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवऱ्याची पहिली बायको वारलेली असेल, तर दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे छोटासा ठसा उमटवलेला पत्रा. नवी साडी आली की आधी त्या टाकाला दाखवायची. सणाला पहिलं कुंकू त्याला. मगच आपल्या कपाळाला. थोरली शांत राहावी, तिने धाकटीच्या संसारावर डोळा ठेवू नये, असा त्यामागचा समज. माझ्या आईच्या माहेरीही एक मामी असा टाक घालायची. तो चांदीचा होता आणि त्यावरची बाई म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. कोणाचीही थोरली चालली असती.

सुमनताईंचा टाक मात्र तसा नव्हता. रुपयाच्या नाण्याएवढा, जाड. त्यावर एका बाईचा बाजूने दिसणारा चेहरा. सरळ नाक, भरलेली हनुवटी आणि डोक्यावर, अगदी टाळूवर, केसांचा गोल अंबाडा.

“ही माझी थोरली माय,” पूनम म्हणाली. “तिचा एकही फोटो नाही. गावाकडे घर पडलं त्यात सगळं गेलं. हाच एक आहे.”

“छान दिसते,” मी म्हणाले.

“लग्नात मी अस्साच अंबाडा घालणार आहे. पार्लरवालीला मघाशीच दाखवून आले. ती म्हणाली, एवढा वर कोणी घालत नाही. मी म्हटलं, माझी आई घालायची.”

त्यांच्या सोनाराने एक तोडगा सुचवला होता. हा टाक गाळायचा आणि त्यातून दोन लहान करायचे. एक सुमनताईंच्या गळ्यात राहील, एक पूनम सासरी नेईल. चेहरा कॉम्प्युटरवर कॉपी करून दोन्हींवर उतरवता येतो. आधी टंच काढून आणा, मग भट्टीत टाकू, असं त्याने सांगितलं होतं. म्हणून दोघी माझ्यासमोर होत्या.

मी म्हटलं, वरचा मळ काढून बघू. टाकाच्या काठाला कोणीतरी सोन्याच्या तारेचं कडं बसवलं होतं आणि त्या कडेने वर्षानुवर्षांचं कुंकू दाबून बसलं होतं. चेहरा तेवढा घासून लख्ख. मी तो अल्ट्रासॉनिकमध्ये टाकला. त्या भांड्यात पाणी थरथरतं आणि मळ आपोआप सुटतो. पाणी लालभडक झालं. टाक पुसून मी कॅमेऱ्याखाली ठेवला. आमचा कॅमेरा मोठ्या स्क्रीनला जोडलेला आहे. वस्तू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहावी, अदलाबदलीचा संशय येऊ नये, म्हणून. त्या दिवशी ही पद्धत मला फार महागात पडली.

स्क्रीनवर चेहरा आला आणि चेहऱ्याभोवती अक्षरं.

पूनम उठून जवळ आली. “हे इंग्रजी आहे. एफ... ए... व्ही... एस... टी...” ती थांबली. “मॅडम, माझ्या आईचं नाव शोभा. हे काय लिहिलंय?”

मी सुमनताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. सांगू नका.

“कॅमेरा नीट लागलेला नाही,” मी स्क्रीन बंद करत म्हणाले. “तू असं कर, खालून आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ये.”

झेरॉक्सची मला काही गरज नव्हती. पण आपल्याकडे झेरॉक्स मागितली की कोणी शंका घेत नाही. पूनम गेली.

माझे कॉलेजचे एक सर पुढे म्युझियममध्ये नाण्यांचं काम बघायचे, आता रिटायर आहेत. मी त्यांना फोटो पाठवला. मिनिटभरात फोन वाजला.

“कुठे मिळालं? हात लावू नकोस. पुसू तर अजिबात नकोस.”

“सर, मी आत्ताच अल्ट्रासॉनिकमधून काढलंय.”

पुढे ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. हे रोमन नाणं. सोन्याचं. बाईचं नाव फाउस्तिना, रोमच्या सम्राटाची बायको. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. त्या काळी रोमचे व्यापारी आपल्याकडून मिरी, मोती, कापड न्यायचे आणि बदल्यात सोन्याची नाणी यायची. भरूचचं बंदर सुरतेहून जवळच. नाणं तिथून तापीकाठाने वर सरकलं असेल. इथल्या बायकांना चेहरा आवडला, कडी लावून गळ्यात घातलं. “नक्की खरं की नक्कल, ते हातात घेतल्यावर सांगतो,” सर म्हणाले. “पण फोटोत खरं वाटतंय. आणि काहीही कर, ते भट्टीत जाऊ देऊ नकोस.”

फोन ठेवून मी सुमनताईंना आतल्या खोलीत घेतलं आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. रोम, सम्राट, यातलं काही त्यांच्या कानापर्यंत गेलं असेल असं वाटलं नाही.

“ताई, ती शोभाबाई नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूच्या देव्हाऱ्यात होती ही मोहोर. लग्नात टाक करायला पैसा नव्हता. सासूने देव्हाऱ्यातली काढली, माझ्या गळ्यात बांधली, म्हणाली, हीच तुझी थोरली समज. मी समजले.”

“आणि पूनम?”

“तिला मी सांगितलं, ही तुझी माय. लहान होती. रोज झोपताना हिचे मुके घ्यायची. मोठी झाली तरी परीक्षेला जाताना घ्यायचीच.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्याखाली मला एक गोष्ट खटकली होती. नाण्याची मागची बाजू छान शाबूत होती. तिथे हातात मशाल घेतलेली एक बाई उभी आहे, तिच्या वस्त्राच्या चुण्याही मोजता येतात. चेहऱ्याकडच्या बाजूला मात्र नाक आणि गाल झिजलेले. आम्ही झीज बघून वस्तू कशी वापरली ते ओळखतो. ही झीज मला ओळखता आली नव्हती. ती मुक्यांची होती.

“तुम्ही सांगा ना, तो सोनाराचा शिक्का आहे,” सुमनताईंनी माझा हात धरला. “लग्न होईपर्यंत तरी. पोरगी आईचं नाव घेऊन बोहल्यावर चढायचं म्हणतेय.”

“मी शिक्का म्हटलं, तर उद्या सोनार ते गाळणार.”

“मग गाळू नका म्हणा. कारण काहीतरी दुसरं सांगा.”

तेवढ्यात आमचे मालक जयेशभाई आत आले. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. टाकाची रीत समजवावी लागली नाही. “अमारामां पण होय, शोक्यनुं पगलुं,” ते म्हणाले. शोक्य म्हणजे सवत. थोडा वेळ त्यांनी नाणं नुसतं बघितलं. मला वाटलं, आता ओळखीच्या एखाद्या शेठला फोन लावतात. तसं झालं नाही.

“वैशालीबेन, आपलं काम टंच काढायचं,” ते त्यांच्या मराठीत म्हणाले. “कोणाची मा कोण, ते आपल्या मशीनमध्ये नाय येत.”

“मग देऊ सोनाराकडे?”

“ना रे ना! गाळायला नाय द्यायचं. ते पाप मी नाय घेणार.” आणि ते निघून गेले. मालक लोकांचं हे बरं असतं. दोन्ही बाजूंनी बोलतात आणि मधलं काम आपल्यावर सोडतात.

मी सुमनताईंना म्हटलं, “सोन्याचं मी सांगते. आईचं तुम्ही सांगा. तिने अक्षरं वाचलीत. आज नाही तर उद्या मोबाइलवर शोधेल, आणि मग आपण दोघींनी मिळून तिला फसवलं असं होईल. त्यात मला ओढू नका.”

बोलले ते जरा कडकच बोलले. पण त्यांनी पदर सावरला आणि त्या बाहेर आल्या.

पूनम झेरॉक्स घेऊन उभी होती. मी तिला नाण्याचं सांगितलं. किती जुनं, कुठलं, गाळलं तर काय जाईल. ती हुशार मुलगी. मधेच तिने मला थांबवलं आणि सुमनताईंकडे वळली. दोघी अहिराणीत बोलू लागल्या. घरची भाषा. मला बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत डिंडोली-गोडादऱ्याची खानदेशी गिऱ्हाइकं करून कळते सगळी.

“हाई मनी माय नही?”

“नही.”

“तुले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

“मंग मले खोटं काबर सांगं?”

सुमनताईंनी काउंटरचा कठडा धरला. “तू तीन वरीसनी व्हती. रातले उठी उठी माय माय करे. मी जवळ लिधं का मले चावे. मंग तुना हातमा हाऊ टाक दिधा. सांगं, हाई दख, तुनी माय. तू त्याले छातीले लाई झोपी गई. मी काय करू, पोरी? दुसरं काय व्हतं मनापाशी?”

“आन मनी खरी माय? ती कशी दिसे?”

“मी तिले देखंच नही. तुना बाप म्हने, तुनासारखी व्हती.”

बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. पूनम माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत, मोठ्याने म्हणाली, “म्हणजे मॅडम, एवढी वर्षं मी कोण्या परक्या बाईचे मुके घेत होते? आणि तिचा अंबाडा घालून लग्नाला उभी राहणार होते?”

मी म्हटलं, “पाणी घे.” तिने घेतलं नाही. नाणं काउंटरवर तसंच ठेवून ती जिना उतरून गेली.

सुमनताईंनी नाणं उचललं, काळ्या दोऱ्यात ओवलं, गळ्यात घातलं. मग सवयीने बोट त्याच्याकडे नेलं आणि मागे घेतलं. कुंकू लावावं की नाही, त्यांनाच कळेना. मला म्हणाल्या, “माझी चूक झाली का हो ताई?” मी सांगितलं, नाही. टंच काढताना मी इतकं खात्रीने कधी बोलले नसेन.

त्या गेल्या आणि माझं कामात लक्ष लागेना. पोरीने लग्नच मोडलं तर? निदान बोलणंच बंद केलं तर? मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू झेरॉक्सला पाठवलंस तिथेच थांबायला हवं होतं. त्याला मी जेवायला वाढलं आणि विषय संपवला.

आठवड्याभराने पूनम एकटीच आली. हातात पत्रिका नव्हती. मी मनात म्हटलं, झालं.

“मॅडम, ती बाई कोण होती? नीट सांगा. मोबाइलवर सगळं इंग्रजीत येतं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं.”

मी तोपर्यंत सरांकडून सगळं विचारून घेतलं होतं. आपल्याला एखादा प्रश्न विचारला जाणार याचा अंदाज असला की अभ्यास होतो. मी तिला बसवलं.

“ती राजाची बायको. नवरा गादीवर आल्यावर थोड्याच वर्षांत ती वारली. त्याचा तिच्यावर फार जीव. ती गेल्यावर त्याने तिला देवी मानलं, देऊळ बांधलं आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. सोन्याची, चांदीची, तांब्याची. पुष्कळ वर्षं पाडत राहिला. तुमच्याकडचं नाणं त्यातलंच आहे. अक्षरांवरून कळतं. ती जिवंत असतानाचं नाही, गेल्यानंतरचं.”

पूनम म्हणाली, “म्हणजे मेलेल्या बायकोचाच टाक.”

“तसंच म्हण.”

“आजीला माहीत असेल का हे?”

“शक्यच नाही. देव्हाऱ्यात हाताला लागलं ते बांधलं तिने.”

ती हसली. पहिल्यांदाच. मग तिने विचारलं, “तिला पोरं होती?”

“एक मुलगी मागे राहिली. आई गेली तेव्हा दहाएक वर्षांची.”

“आणि राजाने दुसरं लग्न केलं?”

“नाही केलं.”

मला वाटलं, आता ती म्हणेल, बघा, किती प्रेम. सगळे तेच म्हणतात. सरसुद्धा फोनवर तेच म्हणाले होते. पूनमचा चेहरा मात्र एकदम उतरला.

“बिचारी पोरगी,” ती म्हणाली. “म्हणजे तिला दुसरी माय मिळालीच नाही.”

मी खिडकीकडे बघत बसले. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप सोडून काही दिसत नाही.

जाताना तिने पत्रिका काढली. पर्समध्येच होती. आईच्या नावाच्या जागी दोन नावं छापली होती, आधी शोभा आणि त्याच ओळीत सुमन. मुलाकडच्यांनी विचारलं म्हणे, दोन आया कशा? पूनमने त्यांना सांगितलं, आहेत.

सर पुढे सुरतेला येऊन गेले. डिंडोलीत सुमनताईंच्या घरी, लेसच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्यांनी नाणं भिंगाखाली बघितलं. खरं आहे म्हणाले. त्याची नोंद कुठे करायची, विकायचं झालं तर काय नियम, हे समजावून सांगितलं. सुमनताईंनी चहा दिला आणि विकायचं नाही एवढंच उत्तर दिलं. नाणं गाळलं नाही, दोन टाक केले नाहीत. सोनाराने फक्त नवी कडी लावली, कारण जुनी खरंच तुटायला आली होती.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. वस्तू भट्टीत टाकण्याआधी ज्याची आहे त्याला दोनदा विचारायचं. मी त्यात माझ्यापुरती एक भर घातली आहे. जिच्या गळ्यातून ती निघाली, तिला एकदा बाजूला घेऊन एकटीला विचारायचं. वेळ जातो, रांग वाढते आणि जयेशभाई ओरडतात. ओरडू देत.